खिडकीतलं बिनमातीचं बिऱ्हाड

प्रिय सूनबाई,

आता तू माझी कुणी नाहीस, असं आमचे चिरंजीव म्हणतात. म्हणू देत. तुमच्या काडीमोडात मला कुणी विचारलं होतं? मग मी कशाला माझी सून सोडू! तर तू मागे ठेवून गेलेलं बिऱ्हाड माझ्या खिडकीत नांदतंय, त्याची खबर ऐक.

जाताना तू म्हणालीस, "आई, ही झाडं हवेवर जगतात, काळजी नको." मी गावच्या शाळेतली. बाईंनी शिकवलं होतं, झाड म्हटलं की माती आलीच. हवेवर जगणारे मी एकच पाहिले, तुझे सासरे, आणि त्यांनाही दोन वेळा चहा लागायचा! ह्या तुझ्या चौघी मात्र तारेला लटकलेल्या, उताण्या पडलेल्या कोळ्यांसारख्या. मी रोज नाकाशी धरून खालून-वरून बघायची, खातात कुठून म्हणून. मूळ एवढंसं, तेही नुसतं धरून बसायला. पाणी म्हणे पानांनी पितात. म्हणजे आपण कोपराने चहा प्यायल्यासारखंच की गं!

पण हे कळायच्या आधीच घोटाळा झाला. पानांवर पांढुरकी धूळ दिसली. म्हटलं, सुनेची झाडं, लोक सासूलाच नावं ठेवतील. घेतला फडका आणि एकीला घासून लख्ख केलं. काही दिवसांत तिचं वाळून गवत झालं. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडे नेली, तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आजी, धूळ कसली, ते तिचं तोंड होतं!" त्या पांढऱ्या लवेनेच त्या पाणी शोषतात. मी टापटिपीच्या नादात बिचारीचं तोंडच पुसून टाकलं. हस, हस.

उरलेल्या तिघींना आता शिस्तीत ठेवलंय. आठवड्याला एकदा पातेल्यात डुंबवते, मग डोकं खाली करून झटकते आणि पालथ्या वाळत घालते. गाभ्यात पाणी राहिलं की कुजतात ना. शेजारीण विचारते, "काय आजी, बाहुल्यांना आंघोळ?" म्हटलं, "तुझ्या नवऱ्यापेक्षा नियमित करतात हो!"

मध्ये धाकटीचा शेंडा लालबुंद झाला. मला वाटलं, रुसली. फुलवाला म्हणाला, फुलणार आहे. आणि खरंच जांभळं फूल आलं, काडीएवढं. आता बुडाशी पिल्लू फुटतंय. दिसत नाही, बोटाला लागतं.

आणि दिसत नाही, म्हणूनच हे पत्र. मोतीबिंदू पिकलाय. सोमवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. नर्सने विचारलं, "सोबत कोण?" चिरंजीव शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "सून." तो छताकडे बघत राहिला, पण नाही म्हणाला नाही. पट्टी निघेल तेव्हा समोर तो नको. त्याचं थोबाड मला पाठ आहे. तू मात्र शेवटची दोन वर्षं मला धुरकटच दिसलीस. दारातून गेलीस तेव्हा रडत होतीस की सुटल्यासारखी हसत होतीस, तेही कळलं नाही, आणि विचारायला जीभ रेटली नाही. ये बाई. एकदा नीट बघू दे तुला.

तुझीच,
सासू (हे पद मी सोडलेलं नाही)