आईचे याम आणि झग्याची लेस

तीर्थस्वरूप मेल्विनाताईस,

धाकट्या एग्बर्टचा डोकं टेकवून नमस्कार. बर्मिंगहॅमच्या गारठ्यात तुझे गुडघे शाबूत असतील अशी आशा आहे. भावोजींचा खोकला काय म्हणतो? इकडे मी बरा आहे (कंबर सोडून, ती आता माझी राहिली नाही, या डोंगराची झाली).

आईला मातीत ठेवून तू परत निघालीस तेव्हा म्हणालीस, "एग्बर्ट, तिनं लावलंय तेवढं पीक निघू दे, मग जमीन विकून टाकू." मी हो म्हटलं. फाल्मथच्या दुकानाला कुलूप घातलं (एका गिऱ्हाइकाची विजार अर्धवट शिवलेली आत राहिली, तो अजून मला शोधतोय) आणि इथे येऊन शेतकरी झालो. यामच्या कंदांचे वेल तोवर जमिनीवर सरपटायला लागले होते. मी काठ्या रोवल्या, तीनचार तर थेट कंदातच खुपसल्या, आणि एकेक वेल काठीभोवती नीट गुंडाळला. दोन दिवसांनी बघतो तर सगळे सुटून लोंबकळतायत. वेलाला आपल्याच बाजूनं वळायचं असतं आणि मी सगळे उलटे वळवले होते, हे शिंप्याला कोण सांगणार? मग शिंप्यानं करावं तेच केलं. पांढऱ्या फितीनं बांधून टाकले. फीत संपली तिथे एका नवरीच्या झग्याची उरलेली लेस लावली (हे कुणाजवळ बोलू नकोस). मिस ड्रुसिला कुंपणाशी आली. आपल्या आईची जन्माची मैत्रीण आणि तेवढीच जुनी भांडखोर शेजारीण, तुला ठाऊकच आहे. कमरेवर हात ठेवून ओरडली, "काय रे, लग्न लावतोस होय यामचं? नवरा कुठाय?" अख्खा उतार हसला. मीही हसलो. आई असती तर पदराएवढा ॲप्रन तोंडात कोंबून मातीत बसूनच हसली असती, हे मनात आलं, आणि मग मला केळीच्या आड जाऊन थोडा वेळ बसावं लागलं.

वेल मात्र चढले. लेसवालेही चढले. पानं पिवळी पडली तशी मी परवा सकाळी खणायला घेतलं. पहिलाच कंद वासराच्या मांडीएवढा निघाला. मला चेव चढला. दुपारपर्यंत झाडून सगळे उपटले आणि उन्हात रचून ठेवले, की लोकांनी बघावं. बघायला मिस ड्रुसिला आली, आणि तिनं कपाळच बडवलं.

"अरे गाढवा, कंदाचं वेलाकडचं डोकं मातीत ठेवायचं असतं! खालचा कंद कापून घ्यायचा आणि डोकं परत झाकायचं. ही डोकी तुझ्या आजीनं लावलेली. तुझ्या आईनं जन्मभर तीच झाकली. आणि तू मुळासकट बाहेर काढलीस?"

तिनं माझ्या हातातला सुरा हिसकावला, एकेक डोकं कापलं, कापल्या जागी चुलीची राख चोपडली आणि परत मातीत पुरायला बसली. मी माती ओढत होतो, ती मला शिव्या देत होती. मग शिव्या थांबल्या. मी वर पाहिलं. ती एकाच ढिगावरची माती पुन्हापुन्हा थापटत होती.

"माझ्याआधी गेली बघ," म्हणाली. "मरायचीसुद्धा घाई तिला."

आणि रडली. ताई, मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून माती थापटत राहिलो. डोकी उन्हात वाळली होती, फुटतील की नाही तिलाही सांगता येत नाही.

तेव्हा तुझंच खरं. शेती हे माझं काम नव्हे. जमीन विकावी हे बरं. भावोजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
एग्बर्ट

ता. क. पाद्रीबुवांची बहीण तिकडे येतेय, तिच्यासोबत एक याम पाठवलाय. काठीचं भोक असलेला मुद्दाम दिला नाही, चांगला दिलाय.

आणखी ता. क. विक्रीचा कागद पाठवू नकोस. कोंब फुटेपर्यंत तरी नको. नाही फुटले, तरी पाठवू नकोस.

शेवटचं. याम उकडताना आई मीठ आधी घालायची की नंतर? मिस ड्रुसिला म्हणते आधी, पण ती तिच्या घरचं सांगते. मी दोन्ही करून पाहिलं. तसा लागत नाही. तुला आठवत असेल तर लगेच लिही.