चिंधी बांधलेलं तवसं

॥ श्री ॥

मांडवी, रत्नागिरी
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

ती. सौ. सावित्रीवहिनीस,
रुचिराचा सा. न. वि. वि.

कालची पिशवी एसटीतून सुखरूप उतरवून घेतली. कंडक्टरने याही खेपेला आज काय आलंय म्हणून विचारलं, त्याला दोन पडवळं देऊन टाकली. घरी पोचते तर आमच्या इमारतीतल्या बायका जिन्यातच उभ्या! घाटावरून ट्रकने येणाऱ्या भाजीकडे आता एकीचंही लक्ष नाही, सगळ्यांना गावठीच हवं. लाल माठाची एक जुडी मला मिळाली असेल तर शपथ. राबतेस तू आणि कौतुक खाते मी, हे आधीच कबूल करून टाकते.

पुढच्या शनिवारपासून तवशी जास्त पाठव. गणपती तोंडावर आलेत आणि आपल्या तवशांपुढे शहरातल्या काकड्यांना ना चव ना वास. तू अर्धी वेलावरच ठेवतेस असा माझा दाट संशय आहे.

आई कशी आहे? माझं नाव आठवतं का अजून? तुमच्या वाडीत फोन लागायची बोंब, आणि सड्यावर चढून तू लावून दिलास तरी तिला त्यातलं माणूस खरं वाटत नाही. तेव्हा नेहमीसारखं हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव. पुढचं तर खास तिच्यासाठी. आये, दरवर्षी सगळ्यात देखणं तवसं तू चिंधी बांधून बियाण्याला राखतेस. लहानपणी त्याला हात लावला म्हणून तुझ्या हातचा मार खाल्लाय मी. बावन्न वर्षांची झाले, अजून ते माझ्या ताटात आलं नाही. तुझी लेक मी की ते तवसं? एकदा तरी चिंधी सोड आणि मला पाठव!

हसली का ते कळव. रिकाम्या पिशवीत तळाशी तिच्यासाठी खारी बिस्किटं आहेत. माझ्यावरची माया आटू देऊ नका, दोघीही.

तुझी नणंद,
रुचिरा

॥ श्री ॥

खालची वाडी
शनिवार, २४ ऑगस्ट २०२४

प्रिय वन्संना सावित्रीचा नमस्कार. वि. वि.

पत्र आणि बिस्किटं पोचली. संशय घ्यायला तुम्ही पहिल्यापासून पटाईत. वेलावर मी काही ठेवत नाही हो. ठेवतात त्या सासूबाई, आणि तेही एकच. मांडवाच्या कडेच्या खांबाजवळ आहे, त्यांच्या जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेलं. रोज सकाळी जाऊन त्याच्यावर हात फिरवतात, पिकलं का बघतात. बी त्यांच्या माहेरचं, पूर्णगडाकडचं. लग्नात पदराला बांधून आणलं ते आजवर एकदाही मोडलं नाही. आमच्याकडे एकच तवसं राखायची रीत. त्यातच पुढच्या वर्षाचं सगळं बी.

माझं नाव त्यांना आताशा आठवत नाही. कधी मला शेजारची चिमा समजतात, कधी नुसतंच अगो बाई. पण बी राखेत कसं घोळायचं, सावलीत किती दिवस वाळवायचं, हे रोज नव्याने शिकवतात आणि मीही रोज नव्याने शिकते. परवा म्हणाल्या की, मी गेल्यावर हे बी तुझ्या हातात, तुझा हात चांगला आहे. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल बरा शब्द ऐकला नव्हता. मी गोठ्यात जाऊन रडून आले, खोटं कशाला सांगू.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. हसल्या. मग ती तवशाची ओळ आणखी दोनदा वाचायला लावली आणि पत्र माझ्या हातातून काढून घेऊन कमरेला खोचलं. एक अक्षर वाचता येत नाही, पण आता परत देत नाहीत.

हे गणपतीला मुंबईहून येतायत. तुम्हीही सवड काढा. आठवण ठेवताच, तशीच ठेवा.

तुमची वहिनी,
सावित्री

॥ श्री ॥

मांडवी
रविवार, १ सप्टेंबर २०२४

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

अगो, तू तर कमालच केलीस! काल पिशवी रिकामी करते तर अळवाच्या खाली एक भलंथोरलं पिकलेलं तवसं, पिवळंधमक. शेवटी मूठ उघडलीस तर! संध्याकाळीच किसून, रवा-गूळ घालून धोंडस भाजलं. वास सगळ्या जिन्यात पसरला. प्रत्येक घरी एकेक तुकडा दिला, तिसऱ्या मजल्यावरच्या हेतलला तर आणखी दोन. खाताना मला आईची चूल आठवली आणि डोळे भरून आले.

असली जून आणखी दोन-तीन असतील तर पाठव, गौरीच्या नैवेद्याला मागणी आहे. आईला सांग, तिची लेक पोटभर जेवली. दोघींनी तब्येतीला जपावं, एवढंच मागणं.

तुझी हावरी नणंद,
रुचिरा

॥ श्री ॥

खालची वाडी
मंगळवार, ३ सप्टेंबर २०२४

प्रिय वन्संना सावित्रीचा नमस्कार. वि. वि.

शनिवारची वाट न बघता सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे हे पत्र देते आहे. मी तुम्हाला पिकलेलं तवसं पाठवलं नव्हतं.

शनिवारी उजाडताना मी गोठ्यात होते. परत आले तर पिशवीचं तोंड बांधून तयार. जड लागली, पण गाडीची वेळ झाली होती, तशीच घेऊन पळाले. दुपारी सासूबाई मांडवाखाली ओरडायला लागल्या. चिंधीचं तवसं नाही! तेव्हापासून घरात एकच धोशा. सुनेने विकलं. गावठी मालाला शहरात मागणी आहे म्हणून बियाण्याचंही विकून खाल्लं. वाडीभर सांगून आल्या. माझ्या हातचं जेवत नाहीत. चोरणीच्या हातचं नको म्हणतात. चिमाकाकू पेज आणून देतात, ती दोन घोट घेतात, बस.

काल तुमचं पत्र आलं आणि मला कळलं ते कुठे गेलं. त्यांनीच काढलं, त्यांनीच पिशवीत घातलं आणि विसरल्या. मी पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाल्या की, वाचणारी तूच, तू काय वाटेल ते वाचशील.

वन्संनू, दोन गोष्टी. बिया ठेवल्यात का? वेल आता वाळत आलेत, दुसरं तवसं धरायचं नाही. आणि तुम्ही स्वतः या. त्यांच्या पुढ्यात बसून सांगा की ते तुमच्याकडे आलं. तुमचं ऐकतील. एका दिवसासाठी या, संध्याकाळच्या गाडीने परत जा. पाया पडते तुमच्या.

सावित्री

॥ श्री ॥

मांडवी
गुरुवार, ५ सप्टेंबर २०२४

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू? बिया नाहीत गं. गर काढला, बिया कचऱ्याच्या डब्यात गेल्या आणि रविवारी सकाळी नगरपालिकेची गाडी डबा घेऊन गेली. तुझं पत्र वाचून मी वेड्यासारखी घरोघर विचारत फिरले, जणू कुणाच्या तुकड्यात एखादी बी राहिली असेल. हेतल बिचारी घाबरली, तिला वाटलं धोंडसात काही वाईट होतं.

मी येते. पण परवा गणपती, आमच्याकडे गौरीही आहेत, सासरची सगळी माणसं उतरणार. बारा तारखेला विसर्जन झालं की तेराला पहिल्या गाडीने निघते. आणि खरं सांगू? आईसमोर ते तवसं मी खाल्लं असं सांगायची भीतीही वाटते. तोवर दादा घरी येईलच, तो समजावेल तिला. आठच दिवस कळ काढ. माझ्यावर रागावू नकोस.

रुचिरा

खालची वाडी
शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

प्रिय वन्संना सावित्रीचा नमस्कार.

सासूबाईंच्या तेराव्याला तुम्ही होतात, पण माणसांच्या गर्दीत बोलता आलं नाही. खरं तर बोलायचं नव्हतं. आज लिहिते.

यांनी गणपतीत त्यांना दहादा सांगितलं. तर यांनाच म्हणाल्या की, तू बायकोची बाजू घेतोस. माझी रुची आली की ती सांगेल खरं काय ते. रोज दुपारी एसटीचा भोंगा वाजला की पायरीवर येऊन बसायच्या. बारा तारखेला गौरी-गणपती पोचवून हे परत आले तेव्हा त्यांना घरघर लागली होती. मी चमच्याने पाणी पुढे केलं. त्यांनी ओठ मिटून घेतले, वन्संनू. चमचा यांनी घेतला, मग प्यायल्या. तीस वर्षं मी त्यांना वाढलं, आणि शेवटचा घोट माझ्या हातून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, पण तोवर सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर त्यांची गोधडी धुवायला काढली. उशाशी एक पुडी होती. ती निळी चिंधी, आणि चिंधीत घडी घातलेलं तुमचं पत्र, अठरा ऑगस्टचं.

तुम्ही मागितलंत, म्हणून त्यांनी चिंधी सोडली. नंतर दिलं हे विसरल्या, पण देताना तुम्हीच आठवत होतात. चार दिवस विचार केला, हे तुम्हाला सांगावं की नाही. राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. तेरा तारखेच्या ऐवजी सहाला आला असतात तर त्या माझ्या हातचं दोन घास जेवून गेल्या असत्या. वाडीतल्या बायका अजून मला बघून बोलणं थांबवतात.

पिशवीत दोडकी आणि अळू आहे. चिंधी आणि पत्र वेगळ्या पुडीत बांधलंय, ते तुमचं आहे. स्वतःला सांभाळा.

सावित्री

मांडवी
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

ती. सौ. वहिनीस,
सा. न.

पुडी उघडली. मी गंमत केली होती गं. मेली माझी ती गंमत!

तुला न सांगता मी दोन शनिवार बाजारात फिरले. पूर्णगडाकडच्या बायका भाजी घेऊन बसतात, एकेकीच्या टोपलीत हात घालून तवशी बघितली, विकत घेतली, घरी आणून कापली. एकही आपलं नव्हतं. एक म्हातारी आईला ओळखणारी निघाली. म्हणाली की, आमचं बी कधीच मोडलं, आम्हीच पूर्वी तुझ्या आईकडून, भागूबाईकडून मागून न्यायचो.

तुझा राग खरा आहे, तो तसाच ठेव. मी येऊ शकत होते. गौरी एकीकडे, पण मी घाबरले हेच खरं, आणि माझ्या भित्रेपणाची शिक्षा तुला झाली.

या शनिवारी पिशवी पाठवू नकोस. मीच येते आहे. आधी वाडीतल्या एकेका घरी जाईन आणि उंबऱ्यात उभी राहून सांगेन की तवसं मी मागितलं, मी खाल्लं, सावित्रीने काही चोरलं नाही. जिला सांगायचं होतं ती आता नाही. चिंधी परत आणते. बी तुझ्या हातात देणार होती ती, तेव्हा चिंधी तरी तुझ्याकडेच राहू दे.

दुपारी पोचेन. पान मांडून ठेव. तुझ्या हातचं जेवेन.

रुचिरा