तांब्याची चाल

प्रिय अहो,

लूमच्या खडखडाटात कान गेले तुमचे, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. काल शेजारच्या हळदीत तुमची कॅसेट लागली! तुम्हाला जाऊन वर्ष व्हायचंय अजून. सांगितल्याशिवाय राहवेना.

आठवतं? पर्वत पाटियाच्या हसमुखभाईंच्या स्टुडिओत आपल्या अहिराणी लग्नगीतांची कॅसेट चालली होती. नवरी सासरी निघते त्या गाण्यात त्यांना बैलगाडीचा आवाज हवा होता. तुम्ही पेटीतून आपल्या तांब्या बैलाची घुंगुरमाळ काढलीत. सुरतेला येताना बैलजोडी विकलीत, माळ तेवढी ठेवलीत. बैल विकले म्हणून आई तुमच्याशी बोलत नव्हत्या, हे त्या पेटीलाही ठाऊक होतं.

माईकसमोर माळ हलवली, तर हसमुखभाई म्हणाले, "काका, आ तो बरफगोळावाळो आव्यो!" किती हसले मी! तुम्ही मात्र त्या दिवशी जेवला नाहीत. माझं चुकलंच.

दुसऱ्या दिवशी माळ स्वतःच्याच गळ्यात! माझ्या परातीत रेती ओतून तुम्ही तीत चालायला लागलात. "तांब्या मागला पाय जपीसन टाकस," म्हणालात. तीन पावलं सरळ, चौथं लंगडत. चाकाची करकर मी शेजारच्या झोपाळ्याच्या कडीवर काढली. परातीला पडलेला पोचा अजून आहे हं! आणि कव्हरवर नाव घाला, एवढं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?

कॅसेट गावी गेली. भाऊजींनी लावली, तशा आई चुलीपुढून उठून दारात गेल्या. "तांब्या उना! पानी ठेवा त्याले!" रस्ता रिकामाच होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा कारखान्यात फोन आला. "तांब्याले इसरना नही का रे तू?" तुम्ही ऐकू येत नाही म्हणून त्यांना तीनदा बोलायला लावलंत. मुद्दामच ना?

आता आई माझ्याजवळच असतात; हे गाणं लागलं की दारात पाणी ठेवायला लावतात. काल गाणं लागलं, तशी मी सवयीने बादली उचलली. म्हटलं, "आई, तांब्याला पाणी ठेवते."

त्या हसल्या. "तांब्या नही व माय. मना पोऱ्या चाली ऱ्हायना."

खरंच की हो! पावलं तर तुमचीच.

शब्द देते, ते गाणं वाजेल तेव्हा दारात बादलीशेजारी एक तांब्याही भरून ठेवीन, तुमच्यासाठी.

तुमचीच,
सुमन