इंजिनावरचा तळवा

४ मार्च
गार! सलग अकरावा दिवस.

ऑफिसातून आले की पर्स खांद्यावरच, चपला पायातच — आधी शेडमध्ये जाऊन अण्णांच्या गाडीचं बॉनेट उचलते आणि इंजिनावर तळवा टेकवते. डॉक्टरांनी बजावलंय, "गाडी चालवताना पुन्हा शुद्ध हरपली तर हे एकटे जाणार नाहीत, कुणाला तरी घेऊन जातील." अण्णांनी नातीच्या, चिमणीच्या, देखत शपथ घेतली, म्हणून किल्ली खिळ्यालाच राहू दिली. पण जन्मभर गॅरेज चालवलेला बाप तो! नुसत्या शपथेवर विसंबायला मी काय खुळी आहे?

चिमणीची शाळेच्या बसमधली मळमळ थांबली. सात वर्षांच्या पोरीनं किती ओकावं! देव पावला.

टेबलफॅन सापडेना. अण्णा म्हणे, "शेडमध्ये आहे. तिथे बसलं की उकडतं."

६ मार्च
गरम!!

विश्वासच बसेना. दुसरा हात लावून पाहिला. गरमच.

अण्णा शांतपणे पेपर वाचत होते. "मी नाही नेली. शेजारच्या मास्तरांनी नेली, वहिनींची दाढ काढायला. बाराला आणून लावली."

बाराला! आणि साडेपाचला ऊब? माझी स्कूटर तासाभरात गार पडते.

"अगं, सहा सिलिंडरचं धूड आहे ते —"

"पुरे अण्णा!"

तोंडाला येईल ते बोलले. खोटारडे म्हणाले. बापाला! किल्ली पर्समध्ये टाकली. ते न जेवताच झोपले. मीही.

७ मार्च
मास्तरही तेच सांगतात — बाराला लावली. दोघांचं साटंलोटं, दुसरं काय!

८ मार्च
चिमणीला बसमध्ये पुन्हा उलटी. दप्तर धुऊन वाळत घातलं. अण्णांनी अबोला धरलाय. धरू देत.

९ मार्च
अण्णांच्या हाताखाली शिकलेल्या गॅरेजवाल्याकडे गेले. म्हटलं, हा तरी खरं सांगेल. तो हसायलाच लागला.

"ताई, स्कूटरचं इंजिन केवढं, हे केवढं! लहान पातेल्यातला चहा निवतो, पिंपभर तापवलेलं पाणी निवतं का लगेच? उलट बंद केल्यावर आधी आणखी तापतं. आतलं पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, उष्णता जाणार कुठे? पाच-सहा तास ऊब राहतेच."

म्हणजे अण्णा खरं बोलत होते?

१० मार्च
रविवार. गॅरेजवाल्याला गाडी फिरवून आणायला लावली. बाराला शेडमध्ये बंद केली. मी खुर्ची टाकून तिथेच.

साडेबाराला बाराहून जास्त तापलेलं! हात टेकवेना. तीनला चांगलंच गरम. साडेपाचला — तीच ऊब. अगदी तीच, सहा तारखेची.

रडूच कोसळलं. तशीच उठून आत गेले. "अण्णा, चुकले मी. तुम्ही खरं बोलत होतात." किल्ली काढून खिळ्याला अडकवली.

त्यांनी मान वर केली नाही. "राहू दे गं. किल्ली तुझ्याकडेच ठेव."

मी ऐकते कसली! "नाही म्हणजे नाही. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

ते बराच वेळ किल्लीकडे बघत बसले. फार दुखावलंय मी त्यांना.

११ मार्च
गार. खरं तर हात लावायचाच नव्हता, सवयीनं लागला. चिमणी आज न ओकता आली. अण्णा पोटभर जेवले. घर पुन्हा घरासारखं झालं.

१२ मार्च
गार.

टेबलफॅन घरात आणायला उचलला, तर चिमणी धावत आली. "आई, तो नको नेऊ! आजोबा मला शाळेतून गाडीनं आणतात ना, मग बॉनेट उघडून आम्ही इंजिनाला वारा घालतो. तू यायच्या आत गार करायचं असतं."

पंखा खाली ठेवला. "रोज?"

"रोज. मास्तरांनी गाडी नेली होती ना, तेव्हा नाही. आणि किल्ली तुझ्याकडे होती तेव्हा नाही."

गरम लागलं, तो एकच दिवस खरा होता.

चिमणी पुढच्या सीटवर बसते म्हणे. आणि किल्ली परवा मीच खिळ्याला अडकवली.