मधल्या वेळेतलं लग्न

ती. आत्याला गप्पूचा नमस्कार.

आधीच माफी मागते. मी एकाच बोटाने टाईप करते त्यामुळे फार वेळ लागतो, आणि माझं शुद्धलेखन तर तुला माहीतच आहे (मी शाळा सोडली तेव्हा बाई म्हणाल्या, चला, निदान शुद्धलेखन तरी सुटलं बिचारं). फोन बाबांचाच जुना आहे. काच एका बाजूला फुटलीय, तिथली अक्षरं दोनदा दाबावी लागतात, नाहीतर तिसरंच काहीतरी उमटतं. वेडंवाकडं काही दिसलं तर ते फोनने लिहिलंय असं समज. चांगलं काही दिसलं तर ते मी.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस का नुसती बाटली बघतेस? घरमालकाने जिन्याला कठडा बसवला का, का अजून उद्या-उद्याच करतोय? आम्ही ठीक आहोत. आई जरा बारीक झालीय, पण लग्नाआधी सगळ्याच होतात म्हणे.

आता पहिलं सांगते, हे पत्र तुला लग्नाला बोलवायला नाहीये. ते आईने फोनवर केलंय. ती म्हणाली, ताई, मी लग्न करतेय, आमच्या हॉलवरच्या जनरेटरवाल्याशी, पुढच्या रविवारी, तुम्ही या. आणि तू म्हणालीस, दूध उतू जातंय, ठेवते. आणि ठेवलास. तेव्हापासून आमच्याकडे त्या दुधावरच चर्चा चालू आहे. आई म्हणते, ताई संध्याकाळी दूध घेतच नाहीत, त्या सकाळी घेतात. जनरेटरवाले काका म्हणतात, अहो जात असेल खरंच उतू, दूध काय घड्याळ बघून उतू जातं? (हे ते ओरडून म्हणतात. इतकी वर्षं जनरेटरशेजारी काढल्यामुळे त्यांना हळू बोलायला जमतच नाही. ते मला ‘जेवलीस का’ विचारतात तेव्हा समोरच्या इमारतीतले लोकही ‘हो’ म्हणतात.) परत फोन करायचा नाही असं आईने ठरवलंय. पण फोन मांडीवर घेऊन बसते. आणि ती तुला घाबरली की वन्सं म्हणते, एरवी ताई. हल्ली घरात नुसतं वन्सं-वन्सं चाललंय.

तर लग्न कसं ठरलं ते सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की आम्ही उधळपट्टी करतोय. काकांचं म्हणणं होतं की कचेरीत सही करायची आणि घरी येऊन चहा प्यायचा, संपलं. आई म्हणाली, सही करूच, पण चोरून केल्यासारखं नको, चार लोकांसमोर उभं राहायचं, मी काही पाप करत नाहीये. (हे ती पातेलं घासताना पातेल्याला म्हणाली. पण आई भांड्यांशी जे बोलते ते करतेच.) मग ती हॉलच्या मालकांकडे गेली. मालकांनी भाडं सांगितलं. आई हसली. मालकांना वाटलं खूश झाली, म्हणून त्यांनी जेवणाचाही दर सांगितला. मग तिचं तोंड बघून त्यांना दया आली. ते म्हणाले, सकाळचं लग्न आटपतं आणि संध्याकाळचं लागतं, त्याच्या मधे हॉल रिकामाच असतो, तेव्हा राहा की उभे, मी पैसे घेणार नाही, फक्त संध्याकाळच्या पार्टीला हॉल चकाचक पाहिजे. आई लगेच हो म्हणाली, जसं काही ती वेळ दुसरं कुणी पळवणार होतं. रस्त्यावर आल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की मधल्या वेळेत हॉल झाडायचं काम तिचंच आहे. म्हणजे आधी हॉल झाडायचा, मग नवरी व्हायचं, मग परत झाडायचा. खुर्च्यांना कव्हरं घालायचं काम माझं. लाईट गेले तर जनरेटर काकांचा. निम्मं लग्न ड्युटीवर.

पण फायदेही आहेत. स्टेजवरची फुलं सकाळच्यांची तशीच असतात, ती आपल्याला फुकट. फक्त मागे त्यांची नावं असतात, थर्माकोलची, भली मोठी. डेकोरेशनवाला म्हणाला, मी एकदाच शिडी लावतो, संध्याकाळी, तेव्हाच काढणार. काका म्हणाले राहू देत, लोक वाचायला येत नाहीत, जेवायला येतात. पण आईला फोटोची काळजी. फोटोवाल्याने बघून सांगितलं, नावं झाकायची असतील तर नवरा-नवरीने दोन्ही हात वर करून उभं राहावं लागेल. दोघांनी तसं उभं राहून बघितलं. पोलिसांनी पकडल्यासारखे दिसत होते. आता नावं तशीच राहणार आहेत, आणि त्या रविवारचे सकाळचे दोघंही डॉक्टर आहेत, त्यामुळे फोटोत कुणीतरी डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई लग्न करतायत असं वाटेल, पण चेहरे आपले. आचाऱ्याचं वेगळंच. सकाळच्यांचं उरलेलं वाढा म्हटल्यावर तो भडकला, माझी अब्रू काढता काय म्हणाला. आई म्हणाली, अहो, रोज तेच तर डब्यात घालून देता मला. तो म्हणाला, ते घरी, हे लग्नात. शेवटी असं ठरलं की भात आणि भाजी तो ताजी करणार, आणि गोड सकाळच्यांचंच, पण वेगळ्या आकारात कापून, म्हणजे ओळखू यायचं नाही.

कव्हरांवरून मात्र आमचं भांडण झालं. म्हणजे आई बोलली आणि मी गप्प बसले, आमच्याकडे त्यालाच भांडण म्हणतात. नवी चकचकीत कव्हरं भाडं देणाऱ्या पार्टीसाठी असतात, ती मालक देणार नाहीत. जुनी पांढरी माळ्यावर आहेत. ती बाबांनी शिवलेली, तुला आठवत असेल, तेव्हा आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तू आलीस तर बाबांनी तुला त्या ढिगावरच बसवलं होतं. मी म्हटलं (मनात), नुसत्या खुर्च्या असू देत. आई म्हणाली, त्यांचीच घाल. मी काढली, धुतली. हॉलमधल्या खुर्च्या मधे बदलल्या ना, नव्या प्लास्टिकच्या लहान आहेत, त्यामुळे कव्हरं सगळी लोंबतात, मोठ्या भावाचा शर्ट घातलेल्या पोरांसारखी दिसतात. पण शिवण अजून एकाही ठिकाणी उसवलेली नाही. आईने त्यांचीच का घाल म्हटलं ते मी विचारलं नाही. मला वाटतं बाबांना बोलवायला तिला दुसरं काही सुचलं नसेल.

आमंत्रणं द्यायचं काम माझ्याकडे होतं, हे ऐकून तू हसशील. हस. आई म्हणाली, मी स्वतः माझ्याच लग्नाचं कुठल्या तोंडाने सांगू, तू जा. मी खालच्या शिवणकामवाल्या मावशींकडे गेले. त्या म्हणाल्या, काय गं? मी म्हटलं, पाणी. त्यांनी पाणी दिलं. मग दवाखान्यातल्या आयाबाईंकडे गेले, तिथेही पाणीच प्यायले. मग आईची लहानपणची मैत्रीण, तिच्याकडे सरबत मिळालं कारण तिला वाटलं मला ऊन लागलंय. घरी आले तर आई दारातच, कोण कोण येतो म्हणालं? मी म्हटलं, सगळ्यांनी पाणी दिलं. मग दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली. शिवणकामवाल्या मावशी म्हणाल्या, त्या दिवशी माझं मशीन दुरुस्तीला टाकायचंय. आयाबाई म्हणाल्या, ड्युटी आहे. मैत्रिणीने दारच उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता. तेव्हा मला बरंच वाटलं की मी पाणी पिऊन आले.

मग आम्ही एकदा रंगीत तालीम केली. मागच्या रविवारी, मधल्या वेळेत, सकाळचं लग्न उठल्यावर. काका नवा शर्ट घालून आलेले. आईचं झाडणं अर्धं झालं होतं, म्हटलं उभे तर राहा, किती वेळ लागतो बघू. ती झाडू हातात घेऊनच स्टेजवर गेली. आणि तेवढ्यात लाईट गेले. काका ‘आलोच!’ ओरडून जे धूम पळाले! मालक दारात होते, त्यांना वाटलं लग्न मोडलं. लाईट आले तर पुढच्या ओळीत सकाळच्या लग्नातले एक म्हातारे आजोबा. झोपलेले होते बिचारे, त्यांच्या घरचे त्यांना विसरून गेले होते. ते जागे झाले, समोर स्टेजवर बाई दिसली, उठले, काठी टेकत वर गेले, आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि झाडूच्या हातातच पाकीट कोंबलं. आईने मला ते परत द्यायला पाठवलं. मला बोलता येईना, मी नुसतं पुढे केलं, तर त्यांना वाटलं पाया पडायला आलेय, त्यांनी मलाही आशीर्वाद दिला. शेवटी मी ते त्यांच्या खिशात टाकलं आणि पळाले.

पण जाताना ते थांबले. डावीकडच्या ओळींकडे बघून म्हणाले, काय हो, मुलीकडचे सगळे जेवायला गेले वाटतं? आई म्हणाली, हो, गेलेत. आणि मग ती खाली उतरली आणि डावीकडच्या सगळ्या खुर्च्यांखालून परत झाडायला लागली, जिथे तिने आत्ताच झाडलं होतं.

काकांची म्हातारी आई येणार आहे, भाऊ, भावजय, त्यांची सगळी चिल्लीपिल्ली, गॅरेजमधले मित्र. उजवी बाजू भरेल. काका त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलले. म्हणाले, आमच्यातली थोडी माणसं तिकडे बसवू. आई म्हणाली, उसनी माणसं नकोत. मग ती बादलीत फडकं पिळताना बादलीला म्हणाली, वन्सं नाही आल्या तर मी त्या दिवशी नुसतं झाडून घरी येईन.

हे मी ऐकलं. तुला सांगते कारण तुला माहीत असावं. बोलवत नाहीये.

काका वाईट नाहीत, आत्या. तीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर मला किती सोपं गेलं असतं. हा फोन बंद पडला होता तो त्यांनीच चालू करून दिला, आणि आतले बाबांचे फोटो पुसले जाऊ नयेत म्हणून दोनदा दुकानात जाऊन आले. परवा आईने मला विचारलं, तुला चालेल ना गं? एकदम विचारलं, पोळ्या लाटता लाटता, पण पोळीकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. मी म्हटलं, कव्हरं वाळत घालायचीत. आणि वर गच्चीवर गेले. कव्हरं सकाळीच वाळत घातलेली होती. ती वाळलीही होती. मी त्यांच्यामधे उभी राहिले, ती सगळी वाऱ्यावर फुगत होती, आणि मला कळलं की तुझ्याकडेही दूध नव्हतं.

खाली आले तेव्हा आईने परत विचारलं नाही. मी तिला हो म्हणायला हवं होतं. म्हणणार आहे. थोडा वेळ लागतोय, टाईप करायला लागतो तसा.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला तेल लाव. मोठ्यांना नमस्कार, आणि लहान तुझ्याकडे कुणी नाहीत म्हणून खिडकीत येतं त्या मांजराला आशीर्वाद.

तुझी,
गप्पू

ता.क. मी वर दोनदा लिहिलंय की बोलवत नाहीये. ते खोडायला गेले तर फोन सगळंच पुसायला लागला, म्हणून राहू दिलं. तू ते वाचू नकोस.

ता.क. आणखी. ये ना आत्या. आईला आशीर्वाद वगैरे द्यायला नको, मनात नसलं तर. तिच्याशी बोललीही नाहीस तरी चालेल, तू आलीस एवढं तिने स्टेजवरून बघितलं की बास. माझ्याशेजारी बस फक्त. इथे कुणाला आनंद झालाय, कुणाला राग आलाय, पण बाबांची आठवण येणारं शेजारी कुणी नाही. आईला येते, पण त्या दिवशी तिला ती दाखवता येणार नाही. आपण दोघी डावीकडे बसू. रडू आलं तरी हरकत नाही, मुलीकडचे रडतातच, मी एवढी लग्नं बघितलीत, कुणी विचारत नाही कशासाठी. बाबांची माणसं मुलीकडून बसली तर चालतं का ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल.

आणि हो, आमच्या गल्लीतली हरवलेली शेळी सापडली. चार मजली इमारतीच्या गच्चीवर होती. वर कशी गेली कुणालाच माहीत नाही, आणि आता खाली यायला तयार नाही.