सुमनचं लॉगिन

२३ सप्टेंबर ९१, बोईसर
दळवी साहेबांनी आज रूटचा पासवर्ड सांगितला. रूट म्हणजे मशीनचा, म्हणजे कॉम्प्युटरचा, मालक, त्याला सगळं उघडं. कुठे लिहायचा नाही म्हणाले, म्हणून इथेही लिहीत नाही. जुना ऑपरेटर दुबईला गेला. चार महिन्यांपूर्वी मी मशीनच्या खोलीत फडका मारत होतो, आता मशीन माझ्याकडे. सा. म्हणाले, "तू आठवी नापास आहेस हे मशीनला माहीत नाही. तू सांगू नकोस." दिवाळीच्या आत पर्मनंटचा कागद वर पाठवतो म्हणाले.
कागद आला की सुमन येईल. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सुमनच्या आबांनी, लग्नातच सांगितलंय, पोरगी एवढ्या लांब धाडायची तर नोकरी पक्की दाखवा. वैशाखात लग्न. बारा दिवस एकत्र. मग ती पाटणला माहेरी, मी इकडे.

२७ सप्टें.
शिकलो ते. सकाळी आधी मशीन चालू करायचं, मग टर्मिनलं, म्हणजे खात्याखात्यातले पडदे-कीबोर्ड. 'हू' टाइप केलं की आत कोण कोण बसलंय, किती वाजता आलं, नावं येतात. संध्याकाळी टेपवर नक्कल. बंद करण्याआधी सगळ्यांना पडद्यावर निरोप, पाच मिनिटं थांबायचं, परत 'हू'. नाव दिसलं तर उठून त्या माणसाकडे जायचं. सा. तीनदा म्हणाले, न बघता बंद केलंस तर त्याच्या हातातलं काम जातं.
नवा माणूस घालायचा कसा तेही दाखवलं. नाव, नंबर, घर. मशीनमध्ये प्रत्येकाला घर असतं, त्याच्या फायली ठेवायला.

३० सप्टें.
केलं. सराव म्हणून. सुमन, नंबर २१४. तिचं नाव इंग्रजीत पहिल्यांदाच लिहिलं. स्टोअरच्या टर्मिनलवर तिच्या नावाने आत शिरलो, पळत माझ्या जागेवर आलो, 'हू' मारलं.
रूट. डिस्पॅच. सुमन, ८.०५.
बघत बसलो. चहा गार झाला.

८ ऑक्टो.
रोज करतो. स्टोअरच्या मंदाताई नऊला सातपाटीहून येतात, त्याआधी सुमनला बाहेर काढतो.
तिचं पत्र. खोलीला खिडकी आहे का विचारते. लिहिलं, आहे, पण वाऱ्याबरोबर कारखान्यांचा वास येतो तेव्हा लावून घ्यावी लागते. सालवडच्या ह्या खोलीत चौघे आहोत हे नाही लिहिलं. त्यातला रमेश डहाणूकडचा. म्हणतो, "तुजी बायको आली का आमाला काय पंपहाऊसमदी झोपवशील?"
झोपवीन म्हटलं.

१७ ऑक्टो. खंडेनवमी
कारखान्यात आज सगळ्या मशीनींची पूजा. झेंडूची तोरणं बांधायला मला सकाळीच बोलावलं, त्या गडबडीत सुमनला बाहेर काढायचं राहिलं. साडेअकराला मॅनेजर नारळ घेऊन दारात. बंद मशीनलाच हळदकुंकू लावायचं, अशी इथली रीत. "अरे, आटप, अजून सहा खाती बाकी आहेत." निरोप पाठवला, पाच मिनिटं थांबलो. 'हू'. रूटशिवाय एकच नाव, सुमन.
म्हटलं ही तर माझीच. उठलो नाही. बंद केलं.
स्टोअरमध्ये मंदाताई होत्या. त्यांना पासवर्ड आठवेना, टर्मिनल उघडं दिसलं, बसल्या. निरोप आला तेव्हा मागे रॅकवर गोण्या मोजत होत्या. सकाळपासूनचा सगळा साठा चढवला होता, सेव्ह केलेला नव्हता. गेला.
प्रसाद घेतला, कागदात गुंडाळून ठेवला.

१९ ऑक्टो.
साहेबांनी बोलावलं.
"सुमन कोण?"
"बायको."
"कुठे असते?"
"पाटणला."
"मग मशीनमध्ये कशाला बसवलीस?"
मंदाताई दारात येऊन म्हणाल्या, "साहेब, चूक माजी पन हाय. उगडं दिसलं, बसले मी."
सा. मला म्हणाले, "ज्याच्या हातात रूट, त्याने स्वतःसाठी घर बांधायचं नसतं. आता कागदावर मी काय लिहू?"
खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का?

२१ ऑक्टो.
दोन दिवस मंदाताईंच्या शेजारी बसून मी साठ्याची कार्डं वाचली, त्यांनी पुन्हा साठा चढवला. मधेच माझं लक्ष उडालं तर ताई म्हणाल्या, "ए, बायको नंतर आटव. आता बोल्ट किती ते सांग." आणि डब्यातले सुके बोंबील पुढे सरकवले.
साहेबांसमोर सुमनला काढून टाकलं. नाव गेलं. तिच्या फायली राहिल्या, मालकाच्या जागी नुसतं २१४. सा. म्हणाले, नाव पुसलं की नंबरच राहतो. दोन अर्धवट फायली ताईंच्या निघाल्या, त्यांच्या नावावर केल्या. तिसरीत मी खोलीचा पत्ता लिहिला होता. ती अजून पुसली नाही.

२६ ऑक्टो. शनिवार
सा. बुधवारी कागद घेऊन मुंबईच्या ऑफिसला गेले. काय लिहिलंय बोलले नाहीत. सोमवारी येतील.
दुपारी सुमनचं पत्र. मंगळवारी टाकलेलं. 'दादाला सुट्टी आहे. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतो, रविवारी दुपारपर्यंत पोचू. आबांनी दादाला सांगितलंय, आधी कारखान्याच्या गेटवर चौकशी कर, नोकरी पक्की असली तरच तिला ठेवून ये. मी चार साड्या घेतल्यात. दादाला दोनच सांगितल्यात.'
उद्याच. आता तार केली तरी पोचायची नाही.
रमेशला दाखवलं. त्याने वळकटी बांधली, बाकी दोघांनाही उठवलं. तिघं दोन दिवस चिंचणीला त्याच्या मावशीकडे. जाताना म्हणाला, "पंपहाऊसपेक्षा बरं हाय."
खोली झाडली. खिडकी पुसली.
संध्याकाळी गेटवर गेलो. वॉचमन तिवारीला सांगितलं, कल दोपहर को मेरे घर से लोग आएंगे, पूछेंगे मैं पर्मनंट हूं क्या.
"तो क्या बोलूं?"
म्हटलं, बिठा के रखो. जो है, मैं खुद आके बताऊंगा.