मध्ये फक्त डोंगर

३ जानेवारी, शनिवार. सकाळी ८.१०
मुंबईत येऊन चार दिवस झाले. मुक्काम मुलुंड वेस्ट, गावच्या मंडळाची खोली. एक खोली, नऊ माणसं, एक मोरी.
आमच्या गावातून मुंबईला येणारा प्रत्येक पुरुष आधी इथेच उतरतो. आजोबा गिरणीत होते तेव्हा ही खोली लालबागला होती. गिरणी गेली, खोली मुलुंडला आली, नियम मात्र तेच राहिले. भिंतीला लागून ज्याची पेटी, त्याने तिच्यासमोर झोपायचं. पेटी आहे तोवर जागा त्याची. पेटी उचलली की जागा गेली. कायदा मंडळाचा, अंमलबजावणी गुणाजीकाकांची. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. रिटायर्ड. दिवसभर मोकळे, हाच प्रॉब्लेम.
नवीन वर्षाचे संकल्प (दोन दिवस उशिरा, कारण पेन खोलीतला बाबल्या घेऊन गेला होता):
१. राग आवरणे.
२. रोज लिहिणे.
३. गंधाली.

३ जानेवारी. रात्री
पेन बाबल्यानेच नेलं होतं. त्याला सुनावलं. संकल्प १ उद्यापासून.

४ जानेवारी, रविवार
गंधालीबद्दल नीट लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. कणकवलीला कॉलेजात एका वर्गात होतो. ती पास झाली. मी सेकंड इयरला तत्त्वासाठी कॉलेज सोडलं. तत्त्व काय होतं ते आता नीट आठवत नाही, पण सर माझ्यावर ओरडले होते आणि मी त्यांच्यावर. नुकसान कॉलेजचं.
आता ती इथे तिच्या शुभामावशीकडे राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. फोनवर म्हणाली, तू आधी राहायची नीट सोय कर, मग बघू. आणि रथसप्तमीच्या आत तिळगूळ घ्यायला ये.
‘मग बघू.’ कोणतीही मुलगी याहून स्पष्ट बोलत नाही.
रथसप्तमी २५ तारखेला. त्या दिवशी विचारणार. फायनल. मावशीचं घर आमच्या खोलीपासून तीनशे चाळीस पावलं. मोजली.

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.३०
वाट लागली.
बाहेरच्या नळावर लाइनीत उभा होतो. अंगावर पंचा, हातात बादली, तोंडात फेस. समोरून गंधाली लॅबला निघालेली. तिने हात केला. मी मोरीत घुसलो. आत आमच्या खोलीतले दादूतात्या आंघोळ करत होते. ते ओरडले, मी ओरडलो.
संसाराचं स्वप्न बघणारा माणूस पंच्यात दिसता कामा नये. ही खोली सोडणे आले.

६ जानेवारी, मंगळवार
नोकरी सुरू. अंधेरी ईस्ट. एका जेवण पोचवणाऱ्या कंपनीचं कॉल सेंटर. चिडलेल्या गिऱ्हाइकांना शांत करायचं. मॅडम म्हणाल्या, तुझा स्वभाव कसा आहे? म्हटलं, बर्फ.
दुपारी एक जण दालखिचडीत दाल नाही म्हणून ओरडला. शांतपणे विचारलं, मग खिचडी तरी आहे ना? वॉर्निंग मिळाली.

७ जानेवारी, बुधवार
घराचा शोध शास्त्रशुद्ध सुरू केला. वहीत रकाने पाडले: एरिया, पाणी, प्रतिष्ठा, गंधाली.
घाटकोपर: सोसायटीचे काका म्हणाले, बॅचलर चालत नाही. म्हटलं, मलाही चालत नाही, म्हणूनच घर शोधतोय. दार लावलं.
चेंबूर: घर चांगलं. मालकाने कुठपर्यंत शिकलास विचारलं. हा खासगी प्रश्न आहे. निघून आलो.
कांदिवली: मालकीणबाई प्रेमळ. लग्न कधी, विचारलं. म्हटलं, ह्याच वर्षी. मुलगी? नाव सांगितलं, काम सांगितलं, स्वभाव सांगितला. बाई म्हणाल्या, तिला माहितीये का रे?
प्रेमळ वाटल्या होत्या.
संध्याकाळी गावाहून सर्वेश आला. शाळेतला दोस्त. भिंतीला दहावी पेटी बसत नाही म्हणून बिचारा जिन्याखाली झोपतो. तक्रार नाही, काही नाही. मला म्हणाला, मस्त वारा लागतो. अशा माणसाचं मुंबईत काय होणार?

९ जानेवारी, शुक्रवार. दुपारी, लंच ब्रेक
सापडलं!!
ऑफिसखालच्या टपरीवर भाऊ नावाचा एजंट भेटला. बोरिवली ईस्टला एक रूम आहे म्हणाला, पार नॅशनल पार्कच्या कडेला. सेपरेट मोरी. खिडकीतून डोंगर.
मोबाईलवर नकाशा उघडला. मध्ये हिरवं जंगल. डाव्या कडेला बोरिवली. उजव्या कडेला, बरोब्बर समोर, मुलुंड! स्क्रीनवर अंतर करंगळीएवढं.
मुंबईच्या लोकांना हे सुचत नाही, कारण ते रस्त्याने विचार करतात. आम्ही डोंगरातली माणसं. आमची शाळा घाटीपलीकडे होती. रस्त्याने बारा किलोमीटर, पायवाटेने पाऊण तास. डोंगर आला की पायवाट असतेच. डोंगर हे अंतर नसतंच मुळी.
म्हणजे रविवारी सकाळी निघायचं, जंगल ओलांडायचं, घाम पुसायचा, नऊला गंधालीकडे चहा. कोणालाही पंच्यात न दिसता.
प्रतिष्ठा: दहापैकी दहा.
भाऊ म्हणाला, बघून तरी घे. म्हटलं, नकाशा बघितला.

१० जानेवारी, शनिवार
काकांना सांगितलं. आधी हसले, मग चिडले. अकरा महिन्यांच्या करारावर सही करून टाकली म्हटल्यावर पुन्हा हसले. ह्यावरून शब्दाला शब्द वाढला. मी म्हटलं, ही खोली आहे की कोंडवाडा? काका म्हणाले, “पेटी उचललंस काय जागा गेली. मगे माझ्याकडे रडत येव नको.” मी तिथल्या तिथे पेटी उचलली.
उचलली म्हणजे एका बाजूने. आईने लोखंडी पेटी दिलीय, आत तांदूळ पण आहेत. दुसऱ्या बाजूने सर्वेशने धरली. टॅक्सीत घातली, बोरिवलीपर्यंत आला, तीन मजले चढवली. वाटेत एकदा म्हणाला, प्रितम, परत विचार कर. त्याला म्हटलं, तू माझ्या जागेवर झोप जा, मजा कर. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.
निघताना काकांना म्हटलं होतं, डोंगरापलीकडेच तर आहे. काका म्हणाले, “मगे चलत ये. आमी हयच आसंव.”
येणारच आहे.

११ जानेवारी, रविवार
स्वतःची खोली. स्वतःची मोरी. नळाला पाणी सकाळी पाच ते सव्वापाच. सव्वापाचला उठलो.
खिडकीतून खरंच डोंगर दिसतो. त्याच्यामागे ती. डोंगराला गुड मॉर्निंग म्हटलं.
फर्निचर: पेटी. हीच टेबल, हीच खुर्ची. जेवताना कुठे बसायचं हा प्रश्न आहे. कप एक.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. गंधालीचा मेसेज: तिळगूळ घ्या गोड बोला, कधी येतोस? लिहिलं: रविवारी, सरप्राइज आहे.
गोड बोलायच्या दिवशी एका गिऱ्हाइकाने पनीरच्या जागी बटाटा आला म्हणून माझ्या खानदानाचा उद्धार केला. मीही त्याच्या खानदानाची चौकशी केली. कॉल रेकॉर्ड होतो हे लक्षात नव्हतं. दुसरी वॉर्निंग. तिसरीनंतर घरी.
संकल्प १ रथसप्तमीपासून.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी २
हे शांतपणे लिहितोय.
सकाळी साडेसातला पार्कच्या गेटवर. नवीन शर्ट, तिळगुळाचा डबा. तिकीट काढलं. कान्हेरीपर्यंत डांबरी रस्ता, झकास. लेण्यांच्या मागे एक पायवाट दिसली. म्हटलं ना, असतेच!
वीस मिनिटांनी पायवाट संपली. मी नाही संपलो. पुढे करवंदीच्या जाळीत शर्ट अडकला. मग एक वनरक्षक भेटले. विचारलं, कुठे? म्हटलं, मुलुंडला. त्यांनी माझा शर्ट बघितला. पुन्हा विचारलं, कुठे?
बिबट्यांबद्दल सांगितलं. संरक्षित क्षेत्राबद्दल सांगितलं. मी त्यांना आमच्या घाटीबद्दल सांगितलं. ते साताऱ्याचे निघाले. म्हणाले, तुमच्या घाटीपलीकडे शाळा होती, इथे पलीकडे काय आहे एवढं? मी डबा दाखवला. त्यांचा आवाज जरा खाली आला. डब्यातला एक लाडू घेतला, मला जीपमध्ये बसवलं आणि गेटवर आणून सोडलं. बोरिवलीच्याच.
गंधालीला कळवलं: अचानक काम निघालं. तिने लिहिलं, हरकत नाही रे, सर्वेश आलाय, हळदीकुंकवाच्या खुर्च्या लावतोय.
सर्वेश? हळदीकुंकवाला?
असेल. हमालीचं काम त्याला जमतं.

२० जानेवारी, मंगळवार
आता रस्त्याचा अभ्यास केला.
मार्ग एक: गाडीने खाली दादरला, तिथून पुन्हा वर मुलुंडला. म्हणजे इंग्रजी यू उलटा, नाही, सुलटा. मार्ग दोन: बसने घोडबंदरवरून डोंगराला वळसा घालून ठाणे, मग मुलुंड. ट्रॅफिक नसेल तर दोन तास. भाऊला फोन केला की ट्रॅफिक कधी नसतं? म्हणाला, लॉकडाउनमध्ये नव्हतं.
आता बोगदा खणतायत म्हणे, पण तो ठाण्याला निघणार. म्हणजे माझी कल्पना बरोबरच होती. फक्त सरकारला उशिरा सुचली, आणि जरा वर सुचली.
एजंटला करार रद्द करतोस का विचारलं. अकरा महिने म्हणजे अकरा महिने म्हणाला. त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार
सर्वेशचा फोन. खुशाल आहे. माझ्या जागेवर पेटी ठेवली. काकांनी नारळ फोडला. माझ्यासाठी कधी फोडला नव्हता.
गंधालीचा विषय मी काढला नाही, त्याने काढला. म्हणाला, सकाळी नळावर भेटते, बोलतो थोडं. विचारलं, तू नळावर कशात असतोस? म्हणाला, पंच्यात, अजून कशात?
मग काळजी नाही.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी. संध्याकाळी
सातला निघालो, घोडबंदरने. पावणेअकराला पोचलो. भाषण पाठ होतं. पहिलं वाक्य: गंधाली, माझी राहायची सोय झाली.
दार सर्वेशने उघडलं. खांद्यावर पातेलं पुसायचा कपडा. शुभामावशी आतून म्हणाल्या, सर्वेश, कोण आहे रे? जणू मीच पाहुणा.
गंधालीने तिळगूळ दिला. छान दिसत होती. मी पहिलं वाक्य म्हटलं. तिने विचारलं, कुठे? म्हटलं, बोरिवली. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. सर्वेशने दिलं.
मग म्हणाली, अरे, खोलीत होतास तेव्हा तीन मिनिटांवर होतास! मला वाटलं, भेटशील रोज. तर तू मला बघितलंस आणि मोरीत पळालास. मला वाटलं, चिडलाय माझ्यावर. हा बघ, तोंडात ब्रश ठेवूनच गुड मॉर्निंग म्हणतो, मला काही कळत नाही काय बोलतो ते, फेस उडतो नुसता!
सर्वेश लाजला. मावशी पण हसल्या.
भाषणात अजून नऊ वाक्यं होती.
निघताना गंधाली दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, सर्वेशने सांगितलं, तू त्याच्यासाठी स्वतःची जागा सोडलीस. तो जिन्याखाली झोपायचा ना? असं कोण करतं रे मुंबईत? खूप मोठं मन आहे तुझं, प्रितम.
म्हटलं, त्यात काय एवढं.
परत यायला तीन तास दहा मिनिटं.

२६ जानेवारी, सोमवार. सुट्टी
काकांना फोन केला. सहजच. म्हटलं, मी परत यावं म्हणतो. काका म्हणाले, “पेटी उचललंस ना? आता दहावी बसाची नाय.” बरं म्हटलं. मग काकाच म्हणाले, जेवतोस ना नीट?
हो म्हटलं. पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडलो नाही. (संकल्प १.)
दुपारी डोंगराकडे बघत बसलो. चांगला डोंगर आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही.
संध्याकाळी सर्वेशचा फोन. विचारत होता, रविवारी घरी आहेस का? गंधालीला नॅशनल पार्क बघायचाय, दोघं येतोय. तू तिथेच राहतोस, तर आधी तुझ्याकडे चहाला येऊ का?
या म्हटलं.
आणायचं: दूध, साखर, दोन कप. पार्कला सरळ रस्त्याने जा, लेण्यांच्या मागे जाऊ नका, हे त्यांना सांगणे.